कॅथरीन फेरर्स: वाटमारी करणारी 'विकेड लेडी' की लुटली गेलेली मुलगी?

चांदणवेल

इंग्लंडमधल्या हायवेमन, म्हणजे घोड्यावरून वाटमारी करणाऱ्या लोकांवरच्या कादंबऱ्या मी कॉलेजपासून वाचत आलेय, म्हणजे काळा झगा, तोंडावर मास्क, माळरानावर अडवलेली घोडागाडी आणि गाडीतली ती सुंदर बाई वगैरे सगळं. पण या सगळ्यात मला कायम खेचून घेणारं प्रकरण एकच, कॅथरीन फेरर्सचं, कारण इथे गाडीतली बाई आणि घोड्यावरचा लुटारू ही एकच व्यक्ती आहे.

आधी दंतकथा सांगते. १७ वं शतक, हर्टफर्डशायर परगणा. मार्किएट सेल नावाचा वाडा, शेजारून वॉटलिंग स्ट्रीट हा रोमन काळापासूनचा रस्ता जातो. वाड्याची मालकीण तरुण, नवरा सतत बाहेर, हातात पैसा नाही. राल्फ चॅपलिन नावाच्या शेजारच्या शेतकऱ्यावर तिचा जीव जडतो, तो रात्री वाटमारी करायचा. मग तीही गुप्त जिन्याने वर एका दडवलेल्या खोलीत जायची, पुरुषाचे कपडे चढवायची, तीन टोकांची हॅट, काळा घोडा, आणि रात्रभर रस्त्यावर. राल्फ पकडला गेला, फासावर गेला, पण ही थांबली नाही. शेवटी १६६० मध्ये नोमन्सलंड कॉमन नावाच्या माळावर एका गाडीवाल्याने तिला गोळी घातली, ती तशीच घोड्यावरून वाड्यापर्यंत आली आणि गुप्त जिन्याच्या दाराशी पडली. नोकरांना सकाळी पुरुषी वेशातलं प्रेत सापडलं. गावात अजून एक जुना तुकडा म्हणतात की सेलजवळ विहीर, विहिरीजवळ झाड आणि झाडाखाली खजिना.

आता कागदावर काय आहे ते बघा. कॅथरीनचा जन्म १६३४ चा. वडील आणि आजोबा लहानपणीच गेले आणि एवढ्याशा मुलीच्या नावावर सगळी इस्टेट आली. आईने सर सायमन फॅन्शॉशी दुसरं लग्न केलं आणि मग आईही गेली. तेव्हा इंग्लंडमध्ये राजा विरुद्ध संसद असं यादवी युद्ध पेटलेलं, फॅन्शॉ मंडळी कट्टर राजाची, लढाईत आणि दंडात त्यांची मालमत्ता धुऊन निघालेली. १६४८ मध्ये सावत्र बापाच्या पुतण्याशी, थॉमस फॅन्शॉशी, तिचं लग्न लावून दिलं. ती तेरा वर्षांची, तो सोळाचा. त्यानंतर तिची मालमत्ता एकेक करून विकली गेली, मार्किएट सेल सुद्धा १६५० च्या दशकात विकलं. जून १६६० मध्ये ती गेली, वेअर गावातल्या सेंट मेरी चर्चमध्ये १३ जूनला दफन. वय २६. मूलबाळ नाही. आणि वाटमारीबद्दल तिच्या काळातल्या एकाही कागदात अवाक्षर नाही.

म्हणजे बघा, जिच्याकडून सगळं काढून घेतलं तिलाच लोकांनी लुटारू करून टाकलं. मला हे प्रकरण यासाठीच महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं, ही गोष्ट तिच्या नावाला का चिकटली असेल?

जुनीवही

मस्त विषय. तुम्हीच दिलेल्या माहितीत दंतकथेला सगळ्यात मोठा तडा आहे की! वाडा १६५० च्या दशकात विकला गेला असेल तर १६६० मध्ये जखमी होऊन ती परक्याच्या घरातल्या गुप्त जिन्यावर कशाला जाईल? आणि दफन वेअरला, म्हणजे सासरच्या गावी. वेअर पार्क हे फॅन्शॉ घराण्याचं ठिकाण.

दुसरं, तारीख बघा. दुसरा चार्ल्स २९ मे १६६० ला लंडनमध्ये आला, राजेशाही परत आली, म्हणजे ज्या पक्षासाठी तिची इस्टेट गेली तो पक्ष जिंकला आणि दोन आठवड्यांत ही गेली. तिचा सासरा पुढच्या वर्षी व्हायकाउंट झाला, नंतर ती पदवी नवऱ्याकडे आली. तिच्या वाट्याला त्यातलं काहीच नाही. मला तर कादंबरीपेक्षा हेच जास्त चटका लावणारं वाटतं.

सह्यकडा

पण गुप्त खोली खरंच सापडली होती ना? १८४० ला त्या वाड्याला आग लागली आणि नंतरच्या दुरुस्तीत भिंतीत बुजवलेलं दार निघालं, मागे जिना, असं वाचलंय. मग ते काय?

जुनीवही

@सह्यकडा, गुप्त खोली असणं आणि ती लुटारूची असणं यात फार अंतर आहे हो. इंग्लंडच्या जुन्या वाड्यांत अशा जागा पुष्कळ, कॅथलिक पाद्री लपवायला केलेल्या, मौल्यवान वस्तू ठेवायला केलेल्या, नाहीतर नुसता बंद केलेला नोकरांचा जिना. खोली सापडली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, उलट खोली सापडल्यावर गोष्टीला अंगबांधा मिळाला असेल असं मला वाटतं.

कायद्याचं_बोला

वकिली करते म्हणून त्या काळच्या कायद्याबद्दल थोडं लिहिते, कारण रहस्य खरं तिथे आहे.

तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात लग्न झालं की बाईचे पैसे, दागिने, गुरंढोरं ही जंगम मालमत्ता थेट नवऱ्याची. जमीन मात्र तिच्या नावावर राहायची, उत्पन्न तो खायचा, पण कायमची विकायची तर बायकोला न्यायाधीशासमोर किंवा त्याने नेमलेल्या माणसासमोर यावं लागायचं. आणि तिथे नवऱ्याला बाहेर काढून तिला एकटीला विचारायचे, बाई तू हे स्वखुशीने करतेयस ना? ती हो म्हणाली की नोंद व्हायची.

आता कल्पना करा. मे १६५५ मध्ये कॅथरीन २१ ची, म्हणजे कायद्याने सज्ञान. आईवडील नाहीत, भाऊ नाही, माहेर म्हणावं असं कोणी नाही, सगळे नातेवाईक नवऱ्याच्या बाजूचे. बंद खोलीत एक परका माणूस विचारतोय की स्वखुशीने ना. नाही म्हणाली असती तर रात्री परत जायचं कुठे? मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सगळ्यात थरारक सीन हाच आहे, आणि यात पिस्तूल नाही.

चांदणवेल

@कायद्याचं_बोला, अंगावर काटा आला वाचून. या खोलीबद्दल मला माहीतच नव्हतं, कादंबऱ्यांत गुप्त खोलीचं वर्णन पानंच्या पानं असतं आणि ही खोली कोणी दाखवत नाही.

घोडेस्वार

मी प्रत्यक्ष वाटमारी कशी चालायची त्यावर लिहितो, कारण सिनेमात दाखवतात ते आणि खरं यात खूप फरक.

जागा नेहमी ठरलेली असायची. लंडनच्या पश्चिमेला हाउन्सलो हीथ, उत्तरेला फिंचली कॉमन, डोव्हरच्या रस्त्यावर शूटर्स हिल. का? तर उघडं माळरान, काटेरी झुडपं, वस्ती लांब आणि लंडनचा पैसा मात्र जवळ. चढावर गाडी थकते, घोडे पावलांवर येतात, तिथे अडवायचं. वेळ बहुतेक तिन्हीसांजेची. पिस्तूल एका वेळी एकच गोळी मारणारं, परत भरायला वेळ लागतो आणि दारू दमट झाली तर उडतच नाही, म्हणून जोडी बाळगायची. बरेचदा गोळी झाडायचीच नाही, नुसती नळी खिडकीतून आत घालायची. प्रवासीही हुशार, एक पैशाची थैली चोराला द्यायला वरती आणि खरी दुसरीकडे शिवलेली.

चांगला घोडा मात्र पाहिजेच, सगळं गणित त्यावर, कारण मागे लागलेल्यांपेक्षा लांब पळता आलं नाही तर संपलं. बाई एकटी हे करू शकली असती का, तर मी म्हणेन घोड्यावर बसता येणाऱ्या बाईला अवघड काहीच नाही, अडचण घोडा लपवण्याची आहे. रात्री दमलेला, घामाने ओला झालेला घोडा सकाळी तबेल्यातल्या पोऱ्याला दिसणारच. घरातल्या नोकरांना माहीत नसताना हे वर्षानुवर्षं चालणं मला अशक्य वाटतं.

इतिहासवेडा

घोडेस्वार साहेब उत्तम. आता राजाच्या पक्षाचे लुटारू ही गोष्ट नुसती कल्पना नाही हे सांगायला हवं. यादवी युद्ध हरल्यावर राजाचे बरेच घोडदळवाले जमीन गमावून बसले, हातात फक्त घोडा आणि पिस्तूल. कॅप्टन जेम्स हाइंड हा त्यातला सगळ्यात गाजलेला, संसदेच्या बाजूच्या लोकांना हेरून लुटायचा म्हणून त्याच्यावर चोपड्या छापल्या गेल्या, आणि १६५२ मध्ये वुस्टरला त्याला मारलं ते चोरीसाठी नाही, राजद्रोहासाठी. तेव्हा राजनिष्ठ घराण्यातली, इस्टेट गमावलेली बाई रस्त्यावर उतरली ही गोष्ट लोकांना पटण्यासारखी होती.

पुरुषी वेशातली बाई पण नवी नाही. मेरी फ्रिथ ऊर्फ मॉल कटपर्स ही लंडनची खरीखुरी बाई, पुरुषाच्या कपड्यांत फिरायची, १६११ मध्ये फॉर्च्यून थिएटरच्या स्टेजवर तशीच बसली होती. ती १६५९ ला गेली, म्हणजे कॅथरीनच्या जेमतेम वर्षभर आधी.

खारीबिस्किट

सगळं खरं पण रोमान्स कुठे गेला राव? हायवेमन म्हटलं की मला क्लॉड ड्युव्हालच आठवतो. नॉर्मंडीहून आलेला फ्रेंच पोरगा, एका सरदाराची गाडी अडवतो, आतली बाई घाबरायच्या ऐवजी बासरी वाजवायला लागते, हा तिच्या नवऱ्याची परवानगी घेऊन तिच्याबरोबर माळावर नाचतो आणि मग ४०० पौंडांतले फक्त १०० घेतो! यावर व्हिक्टोरियन काळात डब्ल्यू. पी. फ्रिथने मोठं पेंटिंग केलंय, त्यातल्या बाईचा चेहरा बघा एकदा, भीती पण आहे आणि डौल पण.

इतिहासवेडा

@खारीबिस्किट, ड्युव्हाल खरा, फाशी खरी, २१ जानेवारी १६७० ला टायबर्न या लंडनच्या फाशीच्या जागी. चँडोस स्ट्रीटवरच्या एका दारूच्या गुत्त्यात पिऊन पडलेला असताना पकडला. पण तो नाच आपल्यापर्यंत येतो तो त्याच वर्षी निघालेल्या एका चोपडीतून, आणि ती चोपडी लंडनच्या बायका फ्रेंच माणसांवर कशा भाळतात याची टर उडवायला लिहिली होती! लिहिणाऱ्याने चिडून लिहिलं आणि पुढच्यांनी ते प्रेमाने वाचलं. अडीचशे-तीनशे वर्षं जगाने ज्या सीनवर जीव टाकला त्याचा उगम हा असा.

सह्यकडा

आणि डिक टर्पिन? तो तर सगळ्यांचा राजा.

कायद्याचं_बोला

टर्पिनला राजा म्हणू नका प्लीज. खाटकाचा धंदा करणारा माणूस, एसेक्सच्या टोळीत शिरला, ती टोळी एकट्या पडलेल्या शेतघरांवर दरोडे घालायची. १७३५ मध्ये एजवेअरजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मारहाण करून त्याच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं आणि टोळीतल्या एकाने घरातल्या मोलकरणीवर बलात्कार केला. ब्लॅक बेस घोडीवरून लंडन ते यॉर्क एका दमात ही दौड त्याची नाहीच, ती गोष्ट आधी जॉन नेव्हिसन नावाच्या लुटारूबद्दल सांगत होते, १८३४ च्या एका कादंबरीने ती टर्पिनला चिकटवली. त्या मोलकरणीवर कोणी कादंबरी लिहिली नाही.

जुनीवही

सहमत. पण टर्पिन पकडला कसा गेला ते रहस्यकथावाल्यांनी वाचायलाच हवं. जॉन पामर या खोट्या नावाने तो यॉर्कशायरला घोड्यांचा व्यापारी म्हणून राहत होता, कोणाचा तरी कोंबडा गोळी घालून मारला आणि वर धमकी दिली म्हणून आत गेला. यॉर्कच्या तुरुंगातून त्याने गावी मेव्हण्याला पत्र लिहिलं. तेव्हा टपालाचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे असत, मेव्हण्याने पत्र घ्यायला नकार दिला. ते पत्र पोस्टात पडून राहिलं आणि तिथे ते नेमकं जेम्स स्मिथने पाहिलं, ज्याने लहानपणी टर्पिनला लिहायला शिकवलं होतं. अक्षर ओळखलं! स्मिथ यॉर्कला गेला, माणूस ओळखला आणि ७ एप्रिल १७३९ ला फाशी. मेव्हण्याने चार पैसे दिले असते तर पामर म्हणूनच सुटला असता कदाचित.

रानजाई

मूक वाचक आहे पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मार्किएट सेलबद्दल सगळे बोलताय पण त्या जागेला सेल (साधूची किंवा मठातली कोठडी) का म्हणतात ते कोणी सांगितलं नाही. तिथे १२ व्या शतकात स्थापन झालेला जोगिणींचा मठ होता, आणि तो उभा राहिला क्रिस्टिना ऑफ मार्किएटमुळे.

क्रिस्टिना हंटिंग्डनच्या श्रीमंत घरातली मुलगी. तिने लहानपणीच देवाला वाहून घ्यायचं ठरवलेलं, आईबापांनी मारून मुटकून बेओर्ट्रेड नावाच्या माणसाशी तिचं लग्न ठरवलं. ती पळाली. आणि कशी पळाली, तर पुरुषाचे कपडे घालून, घोड्यावर पुरुषासारखी टांग टाकून! आधी फ्लॅमस्टेडला एका साध्वीकडे लपली, मग मार्किएटला रॉजर नावाच्या बैराग्याच्या झोपडीला लागून असलेल्या कोनाड्यात. तो कोनाडा एवढा अरुंद की अंगावर जाड कपडे घालायची सोय नाही, तोंडाशी जड ओंडका लावलेला, तो तिला आतून हलवता यायचा नाही. दिवसभर आत दगडावर बसून राहायची, खोकायची पण चोरी, कारण शोधणारे बाहेर फिरतायत. अशी वर्षं काढली तिने. तिच्या ओळखीच्या कोणीतरी लिहिलेलं तिचं लॅटिन चरित्र आहे त्यात हे सगळं आलंय.

आता जोडून बघा. तीच जागा, मनाविरुद्ध लग्न, पुरुषी वेश, घोडा, दडवलेली खोली. पाचशे वर्षांचं अंतर. मला तरी वाटतं की कॅथरीनच्या दंतकथेत क्रिस्टिना बोलतेय.

चांदणवेल

@रानजाई, हे वाचून मी उठून फेऱ्या मारल्या घरात. इतकी वर्षं या प्रकरणावर मिळेल ते वाचतेय आणि या दोघींना शेजारी ठेवून कोणी बघितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

जुनीवही

फार सुंदर धागा जोडलात, पण शंका मांडतो. क्रिस्टिनाच्या चरित्राची आज एकच हस्तलिखित प्रत आहे, ती कॉटन नावाच्या जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहातली, १७३१ च्या आगीत होरपळलेली, आणि पूर्ण पुस्तक म्हणून छापली गेली १९५९ मध्ये. मग कॅथरीनची दंतकथा सांगणाऱ्या १८-१९ व्या शतकातल्या हर्टफर्डशायरच्या शेतकऱ्याला हे कळलं कुठून? शिवाय त्या काळात स्टेजवर आणि चोपड्यांत पुरुषी वेशातल्या नायिका ढिगाने होत्या, तिथून हे आलं असेल हेही तितकंच शक्य.

रानजाई

शंका रास्त आहे. पण गावाला हस्तलिखित कशाला लागतं? मठ आठव्या हेन्रीने मोडला १६ व्या शतकात, तोपर्यंत तिथे क्रिस्टिनाची आठवण काढणाऱ्या बायका राहतच होत्या. मठ मोडल्यावर त्याच जागी वाडा झाला. इथे एक बाई लपली होती, पुरुषाच्या वेशात आली होती, एवढं गावाच्या तोंडी राहायला पुरेसं आहे, नाव बदलतं. पुरावा नाही हे मान्य, पण नुसत्या स्टेजवरून आलं म्हटलं तर नेमकं याच जागी का आलं याचं उत्तर मिळत नाही.

लंडनकर

मी सेंट ऑल्बन्सजवळ राहतो, नोमन्सलंड कॉमनवर बरेचदा चालायला जातो. व्हीटहॅम्पस्टेडच्या बाजूला आहे, गवत, काटेरी पिवळी झुडपं, कडेला मोठी झाडं, रविवारी लोक कुत्री घेऊन येतात, एका बाजूला क्रिकेटचं मैदान. तिच्या नावाचा रस्ता आहे फेरर्स लेन म्हणून आणि विकेड लेडी नावाचा पब. मी नऊशे वर्षांपूर्वीच्या साध्वीच्या नावाचा पब कुठे पाहिला नाही पण लुटारू बाईचा आहे, यातच गोष्ट का टिकली ते आलं. मार्किएट सेल खाजगी मालकीचं आहे, आत जाता येत नाही. वेअरचं सेंट मेरी चर्च मात्र उघडं असतं.

खारीबिस्किट

एक आपल्याकडचा दुवा राहिला. १७२८ मध्ये लंडनला जॉन गे या नाटककाराच्या ऑपेराने धुमाकूळ घातला, नायक कोण तर मॅकहीथ, हायवेमन. दोनशे वर्षांनी १९२८ ला ब्रेख्तने बर्लिनमध्ये त्याचं थ्रीपेनी ऑपेरा केलं आणि त्यावरून पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं, थिएटर अकादमी, जब्बार पटेल, १९७८. म्हणजे मराठी स्टेजवर जो नायक अंकुश दिसला त्याचा खापरपणजोबा हाउन्सलो हीथचा! गेने तेव्हा दाखवलं होतं की रस्त्यावरचा लुटारू आणि दरबारातला लुटारू यात फरक फक्त कपड्यांचा, आणि इथे कॅथरीनच्या बाबतीत तेच झालंय ना, थॉमस फॅन्शॉने काही पिस्तूल नाही दाखवलं.

कायद्याचं_बोला

@खारीबिस्किट +१००. फक्त थॉमसवर सगळं टाकू नका, तो पण सोळा वर्षांचा पोरगाच होता. ठरवणारे मोठे होते.

सह्यकडा

मग हे हायवेमन संपले कशाने? फाशीने?

घोडेस्वार

फाशीने नाही, शंभर वर्षं फाशी देत होते तरी होतेच की. १६९२ च्या कायद्याने पकडून देणाऱ्याला ४० पौंड आणि वर लुटारूचा घोडा, शस्त्रं, माल, त्यातून जोनाथन वाइल्डसारखे लोक तयार झाले, स्वतःच चोर पाळायचे आणि स्वतःच विकायचे, त्याला १७२५ ला लटकवला. खरा फरक पडला तो माळरानं कुंपणात गेली, टोलनाक्यांचे रस्ते आले, नाक्यावर रात्री घोडा अडायला लागला, लोक सोन्याच्या नाण्यांऐवजी बँकेच्या नोटा न्यायला लागले, त्याही अर्ध्या फाडून दोन टपालांनी पाठवायचे म्हणजे एक अर्धी चोरून उपयोग नाही. १८०५ मध्ये लंडनच्या बाहेरच्या रस्त्यांवर घोडेस्वार पहारा सुरू झाला आणि धंदा बसला. आणि मजा बघा, धंदा बसल्यावर लगेच त्यांच्यावरच्या प्रेमकथा जोरात सुरू झाल्या. वाइल्डवर सविस्तर वेगळा धागा काढतो, इथे विषयांतर नको.

चांदणवेल

जरूर काढा. आणि @रानजाई, क्रिस्टिनाच्या चरित्राचं इंग्रजी भाषांतर मागवलंय, तो कोनाड्याचा भाग मराठीत करून इथेच टाकते, तुम्ही तपासून द्याल का?

रानजाई

आनंदाने. रॉजर तिला रात्री ओंडका सरकवून बाहेर काढतो तिथपासून सुरू करा.